माझ्या गाडीत वाघ दिसत नाही

आमच्या गेटवर सकाळी सहाला गाड्या लागतात. पर्यटक उतरतात, हातपाय मोकळे करतात, चहा पितात, आणि मग त्यांचं लक्ष माझ्याकडे जातं. खाकी पॅन्ट, खाकी शर्ट, गळ्यात ओळखपत्र, कपाळाला टिकली. हीच आपली गाइड आहे हे कळलं की त्यांच्यातला एक जण तिकिटाच्या खिडकीत वाकून आतल्या माणसाला हळूच विचारतो, "दुसरा गाइड नाही का?" हळू विचारलेलं मला ऐकू येत नाही असं त्याला वाटत असावं. दरीपलीकडे भेकर ओरडलेलं ज्या बाईला ऐकू येतं, तिला चार हातांवरचं ऐकू येणार नाही का?

अकोटहून सातपुड्याकडे निघालं की केळीच्या आणि संत्र्याच्या बागा जिथं संपतात तिथं आमचं गाव. आमचं माळ्याचं घर. वांगी, मेथी, सांबार (बाहेरचे लोक त्याला कोथिंबीर म्हणतात) आणि सणासुदीपुरता झेंडू. नवरा भाजी घेऊन अकोटच्या बाजाराला जातो. लग्नानंतर दहा वर्षं मीही पहाटे उठून जुड्या बांधल्या. मग जंगलात गाइड नेमायचे म्हणून आसपासच्या गावांतून अर्ज मागवले, तेव्हा मी नाव दिलं. सासऱ्यांनी दोन दिवस जेवण सोडलं नाही, पण बोलणं सोडलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सून पॅन्ट घालून वाघ दाखवनार लोकाईले?"

मी म्हटलं, "साडीत गाडीवर चढता येत नाई मामाजी, नाहीतं साडी नेसूनच दाखवला असता."

नवरा हसला, आणि परवानगी मिळाली असं मी धरून चालले.

आता खरं ते सांगते. त्या नोकरीला तीन हंगाम झाले तरी माझ्या गाडीत एकदाही वाघ दिसला नव्हता. अस्वल दिसलं, तेही पोराला पाठीवर घेतलेलं. गव्यांचा कळप दिसला. रानकुत्र्यांनी सांबर पाडलेलं दिसलं. वाघ मात्र नाही. आमच्या मेळघाटात वाघ दिसणं तसं कठीणच. डोंगर आडवेतिडवे, सागाचं दाट रान, दऱ्यांत उतरायला वाट नाही. पुरुष गाइडांच्या गाड्याही महिनोन्महिने कोऱ्या परततात. पण त्यांना वाघ दिसला नाही तर तो वाघाचा दोष, आणि मला दिसला नाही तर माझा पायगुण.

पायगुण हा शब्द मला नवा नव्हता. लग्नाला चौदा वर्षं झाली, मूल नाही. डॉक्टर अकोल्याचे झाले, अमरावतीचे झाले. मग देवही झाले. एका वळणावर आम्ही दोघांनी ठरवलं की बस. आम्ही ठरवलं, गावानं नाही ठरवलं. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत मूल नसलेली बाई जात नाही. कोणी दारावर पाटी लावत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. जावेला पहिली मुलगी झाली तेव्हा तिच्यासाठी डिंकाचे लाडू मीच वळले, कारण पाक मला साधतो. ताट घेऊन मी दारापर्यंत गेले आणि सासूनं ते उंबऱ्यावरच माझ्या हातातून घेतलं. "तू दमली असशीन, जाय, पड जराशी," म्हणाली. लाडू माझ्या हातचे चालायचे, नजर चालायची नाही. त्या मुलीला मी पहिल्यांदा पाहिलं ते सव्वा महिन्यानंतर, गालाला आणि तळपायाला काळी तीट लावून झाल्यावर, तेही लांबून.

मी त्या वेळी काही बोलले नाही याचा मला आजही राग येतो. सासूचा नाही येत एवढा माझा येतो.

तर गेटवरही तेच झालं. गाइडांचे नंबर असतात. ज्याचा नंबर लागेल त्याला ती गाडी, पसंती-नापसंती चालत नाही. पण माझा नंबर आला की गाडीवाल्याला अचानक पंक्चर आठवायचं, नाहीतर पर्यटक मागच्या गाडीसाठी थांबून राहायचे. आमच्यात एक जुना गाइड आहे, पंधरा वर्षं जंगलात काढलेला, दाढी राखून असलेला. माणूस हुशार आहे. वाळलेली विष्ठा पाहून जनावरानं परवा काय खाल्लं ते सांगतो. तोच सगळ्यांसमोर म्हणायचा, "बाईच्या गाडीत बसा, पक्षी लय मस्त दाखवते." पुढचं वाक्य लोक आपणहून पूर्ण करायचे.

त्या वर्षी फेब्रुवारीत, गाइडांची नावं ठरवणाऱ्या आमच्या गावच्या समितीच्या अध्यक्षांनी मला बाजूला बोलावलं. गावचेच आहेत, वयानं मोठे. म्हणाले, "पाह्य बाई, मी काई म्हणत नाई. पर्यटक म्हणतात. जूनमधी गेट बंद व्हायच्या आधी बैठक हाये. तवापर्यंत एखांदा दिसला तं बरं. नाई दिसला तं तुया नावाचं पाहा लागीन."

म्हणजे जूनपर्यंत माझ्या गाडीसमोर वाघ आला तर मी राहणार, नाही आला तर परत सांबाराच्या जुड्या. जुड्या बांधण्यात कमीपणा नाही. पण पायगुणापायी बांधायच्या, हे मला मान्य नव्हतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. मोह गळत होता, सगळ्या जंगलाला तो गोड, डोकं जड करणारा वास. माझ्या वाट्याला दर्यापूरकडचं एक जोडपं आलं. दोघं साठीची, काळ्या रानाचे शेतकरी, कपाशी आणि सोयाबीन. मुलगा पुण्याला असतो, त्यानं फोनवरून यांची सफारी ठरवून टाकली होती. काका मुळातच चिडलेले. पांढरं धोतर घालून आले होते, आणि पांढरं जंगलात चालत नाही म्हणून गेटवर कोणाचं तरी हिरवं उपरणं त्यांना पांघरायला लावलं होतं. काकूंनी पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि पोळ्या आणल्या होत्या, त्याही गेटवर ठेवून घेतल्या. गाडी चालवायला माझ्या नात्यातलाच दीर होता. त्याला माझी गाडी नको असायची, पण वहिनीला तोंडावर नाही कोण म्हणणार?

पहिल्याच वळणावर रोही, म्हणजे नीलगायी, दिसले, सात-आठांचा कळप. मी गाडी थांबवली आणि शिकवल्याप्रमाणे माहिती सांगायला लागले. काका ताडकन म्हणाले, "रोही? बाई, हे रोही पाहाले मी दर्यापुरावून आलो काय? रातभर आमच्या वावरात याईचाच तमाशा असते. तूर ठेवत नाईत, हरभरा ठेवत नाईत. फटाके फोडूफोडू हात भाजले माये. आन् आज सकाळी चार वाजता उठून, आंघोळ करून, याईचं दर्शन घेऊन राह्यलो!"

दीर खो खो हसला. मलाही हसू आवरेना. तो कळपही आमच्याकडे असा बघत होता की यांनाच कुठं तरी पाहिल्यासारखं वाटतं.

काकू मागून माझ्या खांद्याला हात लावत म्हणाल्या, "बोलू दे त्याईले. तुले किती लेकरं हायेत वं, माय?"

हा प्रश्न गाडीत बसलेली प्रत्येक बाई विचारते. पूर्वी मी "देवाची मर्जी" वगैरे म्हणायचे. आता म्हणत नाही.

"नाईत," मी म्हटलं.

"एकबी?"

"एकबी नाई. चौदा वर्षं झाले."

काकूंनी हात खांद्यावरून काढून घेतला. वाईट हेतूनं नाही. गरम भांड्याला लागलेला हात जसा आपोआप मागं येतो तसा आला. मला सवय आहे.

पुढं नाल्याकडे उतरणारा एक रस्ता आहे. तिकडं गाड्या फारशा जात नाहीत, कारण चढ वाईट आहे आणि परत फिरायला जागा कमी. आम्ही उतारावर होतो तेव्हा वानरानं कॉल दिला, वाघ-बिबट्या दिसला की देतात तो. एकदा, दोनदा, मग सलग. दिरानं गाडी बंद केली. डाव्या हाताला घाणेरीची जाळी, उजव्या हाताला मोठमोठे खडक आणि त्यांच्यामागं नाल्याची घळ. मी उभी राहिले.

जाळी हलली आणि ती बाहेर आली.

तीन हंगाम मी या क्षणाची तयारी करत होते. पर्यटकांना काय सांगायचं, कॅमेरा कसा धरायला सांगायचा, सगळं पाठ होतं. त्यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही. वाघीण होती. पोट सैल सुटलेलं, सड लोंबलेले. तोंडात काही तरी धरलेलं होतं. मला वाटलं ससा. मी मनात ससा अशी नोंदसुद्धा केली. मग त्या सशानं पाय झाडले आणि मला दिसलं की त्याच्या अंगावर पट्टे आहेत.

मानेला धरलेलं पिल्लू. डोळे उघडून फार दिवस झाले नसावेत. तिनं आमच्याकडे एकदा पाहिलं, घाई केली नाही, रस्ता ओलांडला आणि खडकांत शिरली. थोड्या वेळानं रिकाम्या तोंडानं परत आली, परत जाळीत गेली आणि दुसरं घेऊन निघाली.

ती रस्त्याच्या मधोमध असताना काकू माझ्या कानाशी लागल्या. आवाज इतका बारीक की मला श्वासच आधी जाणवला. "बाळंतीन हाये वं थे. तू नोको पाहू, माय. तोंड फिरव."

मी तोंड फिरवलं नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तरी मी पापणी हलवली नाही. सासूनं उंबऱ्यावर ताट घेतलं तेव्हा मी खाली मान घालून परत गेले होते. इथं नाही गेले. त्या पिल्लाचं गुलाबी पोट पाहिलं. पुढच्या पायांचे चिमुकले पंजे एकमेकांत अडकले होते ते पाहिलं. आईच्या दातांखाली त्याची मानेची कातडी चिमटली होती आणि ते इतकं निवांत लोंबत होतं, तेही पाहिलं. पाहिलं आणि पाहतच राहिले. लागू दे नजर, लागायची तर मलाच लागू दे.

दुसरं पिल्लू खडकांत गेलं. आणि जाळीतून आवाज यायला लागला, बारीक, चिरका. म्हणजे तिसरं आत होतं आणि एकटं होतं.

त्याच वेळी मागं चढावर गाडीचं इंजिन ऐकू आलं.

इथं एक गोष्ट सांगावी लागेल. मी नवी असताना दुसऱ्या एका नाल्याजवळ दुसऱ्याच्या गाडीला अशीच पिल्लांची वाघीण दिसली होती आणि बातमी तासाभरात गेटवर पोहोचली. दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावर जत्रा भरली. गाडीला गाडी लागली, लोक बॉनेटवर चढले. वाघीण काय, मांजर काय, पिल्लांवर डोळे पडले की जागा बदलतेच. आपल्या घरात मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, आणि त्या फिरवण्यात एखादं मागं राहतं हेही आपण पाहिलेलं असतं. त्या वाघिणीनं तीन दिवसांत दोनदा जागा बदलली. एक पिल्लू मागं राहिलं. ते नाकेदाराला सापडलं, म्हणजे आमच्या वनरक्षकाला. तो ते पोत्यात घालून घेऊन आला. मी ते पोतं उघडून पाहिलं होतं.

मी दिराला म्हटलं, "भाऊजी, गाडी मागं घ्या."

"येडी झाली काय वयनी? वाघीन समोर हाये! तीन वर्षांनी—"

"तिसरं अजून आतमधी हाये. मागची गाडी आली तं थे रस्ता ओलांडनार नाई. घ्या मागं. हळू."

 दिरानं तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा गालाच्या दुसऱ्या बाजूला सारला आणि गाडी मागं घेतली. वाघीण खडकातून डोकं काढून आम्हाला जाताना बघत होती. तिसरं पिल्लू तिनं नेलं की नाही ते मला दिसलं नाही. तीन हंगामांनी एकदा समोर आली आणि मीच पाठ दाखवून निघाले.

वळणावर आम्ही त्या गाडीला आडवे गेलो. तोच जुना गाइड, मागं अमरावतीचे चौघं, हातभर लांब लेन्स लावून.

"कॉल याच बाजूनं होता," तो म्हणाला. "काय दिसलं?"

"काई नाई. वानरं भांडून राह्यले. खाली झाड आडवं पडलं हाये, गाडी फिरत नाई."

त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. जंगलात पंधरा वर्षं काढलेला माणूस. कॉल कशाचा आणि भांडण कशाचं, हे त्याला कळत नाही असं नव्हतं. मला वाटलं, संपलं. मग त्याच्या दाढीत हसू फुटलं.

"तुया गाडीपुढं कोन येनार म्हना," असं म्हणून त्यानं मागच्या लोकांकडे वळून सांगितलं, "चला, पानवठ्याकडे जाऊ. इकडे आता काई नाई."

आणि गाडी फिरवून निघूनही गेला. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर त्यानं खाली उतरून खात्री केली असती. माझ्या शब्दावर मात्र लगेच विश्वास बसला. माझ्या पायगुणानं कोणाचं भलं झालं असेल तर ते त्या दिवशी, त्या जाळीतल्या पिल्लाचं.

आता गाडीतली तोंडं बंद करायची होती. दिराला मी घरच्या शपथा घातल्या आणि वर सांगितलं की बोललात तर तुमचा खर्रा कुठं कुठं लपवलेला असतो ते तुमच्या बायकोला सांगेन. काकांचं अवघड होतं. त्यांना आता आनंद मावत नव्हता. कधी एकदा दर्यापूरला जातो आणि पारावर बसून सांगतो असं झालं होतं.

"काका," मी म्हटलं, "वाघीन हप्त्याला काय खाते माईत हाये का?"

"काय?"

"रोही. आन् रानडुक्कर."

काकांनी बोटांवर काही तरी मोजलं. मग सावकाश म्हणाले, "तीन होते नाई का पिल्लं?"

"तीन."

"मंग तिन्ही जगले पाह्यजे. मी काई पाह्यलंच नाई, जाय."

 गेटवर काकूंची पिशवी परत मिळाली तेव्हा त्यांनी त्यातल्या दोन पोळ्या, वर चटणी घालून, माझ्या हातावर ठेवल्या. "मी तुले तोंड फिरव म्हनलं," त्या म्हणाल्या, आणि पुढं त्यांना सुचलं नाही. मीही त्यांना मदत केली नाही. पोळ्या मात्र खाल्ल्या, भूक लागली होती.

गेटवर नोंदवही असते. दिसलेले प्राणी लिहायचे आणि सही करायची. मी रोही लिहिलं, सांबर लिहिलं, मोर लिहिलं. पुढं हात थांबला. एक शब्द लिहिला असता तर जूनच्या बैठकीचा प्रश्नच उरला नसता. दाढीवाल्याचं तोंड बंद झालं असतं. सासऱ्यांनी गावभर सांगितलं असतं. मी त्या रेघेवर पेन टेकवून उभी होते आणि मला ते पोतं आठवत होतं. मी "वानर" लिहिलं आणि सही केली.

नाकेदाराला मात्र एकट्याला गाठून सगळं सांगितलं. त्याला सांगणं भागच होतं. तो तरुण आहे, कमी बोलतो. दुसऱ्या दिवशी त्या रस्त्याच्या तोंडावर लाकडी दांडा आडवा पडला आणि पाटी लागली, पुलाचं काम चालू. त्या रस्त्यावर पूल नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

एप्रिल गेला, मे गेला. ऊन असं की गाडीचा दांडा हाताला चटका द्यायचा. बाकीच्या दोन गाड्यांना पाणवठ्यावर नर वाघ दिसला, नारळ फुटले, पेढे वाटले. मला पेढा देताना दाढीवाला म्हणाला, "घे, वाघाचा नाई तं पेढ्याचा तरी योग." मी पेढा घेतला. नवऱ्यालाही मी काही सांगितलं नव्हतं. माणूस सोन्यासारखा आहे, पण दिवसभर बाजारात ओरडून भाजी विकणाऱ्याच्या पोटात गोष्ट राहत नाही. रात्री कुशीवर वळायचे आणि तोच एक विचार असायचा, तिसरं नेलं असेल का तिनं? मी गाडी मागं घेतली ती वेळेवर घेतली का? का आमच्याच गाडीला बुजून ती परत फिरलीच नाही? नाकेदाराला विचारायचे तर तो म्हणायचा, "आत जाऊन पाहू नाई शकत ताई. पाऊलखुना हायेत, पन किती जनाच्या थे समजत नाई."

जूनमध्ये बैठक भरली. समाजमंदिरात सतरंज्या, मधे समितीचे लोक, एका कोपऱ्यात नाकेदार. बाई मी एकटी. आधीचे विषय झाले, गाड्यांचे, गेटच्या रंगाचे. मग अध्यक्षांनी घसा साफ केला.

"गाइडबाईच्या नावाचा विषय हाये. बाई कामाले चांगली हाये, कोनाची तक्रार नाई. पन पर्यटक नाराज होतात. आता पायगुन म्हना, नशीब म्हना. पुढच्या हंगामात नाव कमी करावं असं सगळ्याईचं मत पडते."

दाढीवाला म्हणाला, "आमाले काई आनंद नाई. पन खरं हाये थे हाये. तिच्या गाडीत वाघ दिसत नाई."

कोपऱ्यात नाकेदार अर्धवट उठला. तो बोलणार हे मला दिसलं. वाघीण अजून त्याच नाल्यात होती, गेट बंद व्हायला चार दिवस बाकी होते, आणि चार दिवस जत्रेला पुष्कळ असतात. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो होता तिथं बसला. मग मी उभी राहिले.

"काढा," मी म्हटलं. "मले काढा, माई ना नाई. फकत लिहून द्या."

"काय लिहून द्याचं?" अध्यक्ष म्हणाले.

"हेच. या बाईचा पायगुन खराब हाये, म्हनून वाघ दिसत नाई, म्हनून समितीनं इले काढलं. खाली सगळ्याईच्या सह्या. थो कागद घेऊन मी अमरावतीले मोठ्या साहेबाच्या टेबलावर ठेवते. त्याईले बी समजू द्या का जंगलातले वाघ कोनाच्या पायगुनानं चालतात."

 सचिव पेन घेऊन बसला होता, त्यानं अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी दाढीवाल्याकडे पाहिलं. दाढीवाला सतरंजीचा धागा उपसायला लागला. एवढी वर्षं जे सगळे उघड बोलत होते, माझ्या तोंडावर बोलत होते, पेढा देताना बोलत होते, ते कागदावर उतरवायला एकही हात पुढं येईना.

"लिहा नं," मी म्हटलं. "बोलता येते तं लिहिता काहून येत नाई?"

 शेवटी अध्यक्ष म्हणाले, "घ्या, पुढचा विषय घ्या." माझं नाव होतं तिथं राहिलं. पण निघताना त्यांनी मला अडवलंच. आवाज मऊ होता. "खरं सांग बाई, तुले एकडावबी दिसला नाई?"

"नाई," मी म्हटलं, त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून.

बाहेर आले. चपला सापडेनात. मागून नाकेदार आला आणि काही न बोलता त्यानं फोन पुढं केला. नाल्यात झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याचा फोटो होता, पहाटेचा, सकाळीच काढून आणलेला. "बैठकीच्या आधीच दाखवनार होतो," तो म्हणाला, "पन तुमी आत बसल्या होत्या."

पुढं आई होती. तिच्या मागं एक, चांगलं मांजरीहून मोठं झालेलं. त्याच्या बाजूला दुसरं. आणि मागं, दगडावर पुढचे दोन पाय ठेवून, कॅमेऱ्याकडे तोंड करून तिसरं.

मी समाजमंदिराच्या पायरीवर बसले आणि मोठ्यानं रडले, आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी. जाऊ दे म्हटलं. त्या दोघांना मी मार्चमध्ये पोटभर पाहिलं होतं आणि त्यांचं काही वाकडं झालं नव्हतं. तिसऱ्याला तेवढं पाहायचं राहून गेलं होतं. नाकेदार फोन परत घ्यायला हात पुढं करून उभा होता. मी दिला नाही. दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि त्याच्या तोंडाकडे मला हवं तितका वेळ बघत बसले.